गार भट्टी

परवा पंचमीला दादाकडं गेले होते. वहिनी गेल्यापासून त्याच्या घरी सणाला बाईमाणूस मोठं असं कुणी नाही, म्हणून दर वर्षी मीच साताऱ्याहून सांगलीला येते. या वयात एस.टी.चे धक्के खात येते आणि आल्या आल्या भांडते, असं दादा म्हणतो. यंदा भांडण लाह्यांवरून झालं. दादाच्या सुनेनं नागोबापुढं ठेवायला कोपऱ्यावरच्या दुकानातून लाह्यांची पिशवी आणली होती, प्लास्टिकची, मेणबत्तीवर तोंड चिकटवलेली. मी एक लाही तोंडात टाकली. ती ओल्या कापसासारखी टाळूला चिकटून बसली.

"सादळल्यात गं या," मी म्हटलं.

"असू देत की आत्या," सून म्हणाली. "नैवेद्यापुरत्याच तर हव्यात. खातंय कोण?"

खातंय कोण! पोरगी गुणाची आहे, तिच्यावर मी चिडायला नको होतं. पण ज्या जागेवर उभं राहून ती हे बोलली, त्या जागेखाली काय होतं ते तिला माहीत नाही आणि मला ते विसरता येत नाही. मी पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरून खाली गेले. दादाच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, जिथं आता मोटारसायकली लावतात, तिथं एक भिंत आहे. तिला हल्ली पिवळसर फरशा बसवल्यात. दर वर्षी मी त्या भिंतीला एकदा हात लावून येते. वॉचमनला वाटतं म्हातारीचा तोल जातो. त्यानं यंदा मला खुर्ची आणून दिली.

ही भिंत जिथं आहे, तिथं आमच्या लहानपणी ऊब होती.

तेव्हा इथं रस्ता नव्हता, भट्टीचा बोळ होता. पेठेतून नदीच्या अंगाला उतरणारा हा बोळ इतका अरुंद, की एका बाजूनं बैलगाडी शिरली की दुसऱ्या बाजूच्यानं निमूट माघार घ्यायची. बोळाच्या तोंडाशी आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, दोरांचं दुकान. कासरे, दावी, मोटेचे नाडे, चाबकाच्या वाद्या. दुकानामागं आम्ही राहायचो, आणि आमच्या मागच्या भिंतीला पाठ लावून सोनाक्काची भट्टी होती. पुढून अंबाडीच्या दोरांचा वास, मागून भाजलेल्या फुटाण्यांचा, आणि वारा बाजाराकडून असला की वरून हळदीचा. सासरी गेल्यावर मला पहिले काही दिवस आपण आजारी आहोत असं वाटायचं. मग कळलं की नाकाला काही येतच नाही, म्हणून तसं होतंय.

सोनाक्का उंच होती. कपाळावरचं कुंकू घामानं नेहमी भुवईपर्यंत उतरलेलं, आणि कोपरापर्यंत चटक्यांचे पांढरे डाग. ती भट्टीपुढं बसायची, वाळूनं भरलेल्या मोठ्या लोखंडी कढईशी. तिचा नवरा भिकूतात्या मागच्या खड्ड्यात उतरून जाळ घालायचा. भुईमुगाची टरफलं, उसाची चिपाडं, काय मिळेल ते. दोघांच्या मधे भट्टी, त्यामुळं ती एकमेकांना दिसत नसत आणि त्या आवाजात ऐकूही येत नसत. सोनाक्का झारा कढईच्या काठावर एकदा वाजवायची, म्हणजे जाळ वाढव. दोनदा वाजवला की आवर. दिवसभर टण्, टणटण् असा त्यांचा संसार चाललेला असायचा. आई म्हणायची, "नवरा-बायकूचं असं बोलणं आसावं. उणं न्हाई, दुणं न्हाई."

बोळातली माणसं घरचं धान्य घेऊन तिच्याकडं जायची. ज्वारी, तांदूळ, हरभरे, मका. ती ते गरम वाळूत टाकायची, कुंच्यानं हलवायची, फुटलं की चाळणीत काढून वाळू पुन्हा कढईत झाडायची, आणि ज्याचं त्याला परत द्यायची. मोबदला म्हणून त्यातली एक मूठ घ्यायची. सोनाक्काची मूठ मोठी आहे, असं बायका पाठीमागं म्हणायच्या. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एका दिवशी मात्र ती मूठ घेत नसे. पंचमीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी माहेरी आलेल्या लेकी लाह्यांची ज्वारी घेऊन ओळीनं बसायच्या. ज्वारी आदल्या रात्री भिजवून निथळून ठेवलेली. ती वाळूत पडली की आधी नुसता सुस्कारा यायचा, मग एक लाही उडायची, मग दोन, आणि मग कढईभर तडतड सुरू झाली की आम्ही पोरीबाळी उगाचच हसत सुटायचो. सोनाक्का लेकीची पाटी भरायची आणि आपल्या टोपलीतली एक मूठ वर घालायची. "लेकीच्या लाह्यांत हात घालायचा न्हाई," ती म्हणायची. "घालायचाच तर भरून घालायचा."

आणि ती भिंत. भट्टीची धग आमच्या मागच्या भिंतीतून अंगणात यायची. बोळातली कुठलीही बाळंतीण सव्वा महिना त्या भिंतीला पाठ लावून बसायची. तिला तेल-पाणी कुणाच्याही घरी होवो, शेक मात्र इथं. पावसाळ्यात दुपटी तिथं वाळायची. दह्याचं विरजण तिथं लागायचं. थंडीत आमच्याकडं बसायला येणाऱ्या बायका "तुझ्या आईला भेटाय आलोय" असं म्हणत आणि थेट भिंतीकडं जात. आईला ते कळायचं, पण तिनं कधी कुणाला उठवलं नाही.

आता लढाईचं सांगायला हवं, त्या दुसऱ्या मोठ्या महायुद्धाचं. त्या वर्षांत लढाईनं काहींची पोरं नेली आणि काहींच्या घरात पैसा आणला. आमचा दादा लष्करात मोटार चालवायला शिकला आणि तिकडं लांब गेला. कुठं, ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. तिथं वाळवंट आहे की जंगल, यावरून आई आणि आबा रोज भांडायचे. बोळातली आणखीही पोरं गेली होती. उलट पेठेत गुळाचे, हळदीचे, कापडाचे भाव चढले आणि ज्यांच्याकडं माल होता त्यांच्या अंगावर एकदम तुकतुकी आली. त्यांना मोठ्या पाट्यांची, काचेच्या कपाटांची दुकानं हवी होती, आणि दुकानांपुढं रुंद रस्ता हवा होता. पेठ सुधारायची म्हणून एक कमिटी निघाली. रस्ता आमच्या बोळातून नदीकडं जाणार असं ठरलं.

मला आज ज्याचा संताप येतो ते हे, की आम्हाला आनंद झाला होता. आबांनी गूळ वाटला. "दुकानाला रस्त्याचं त्वांड येतंय," ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. बोळात चिखल होता, गटारं उघडी होती, हे खरंच. सुधारणा नको असं कोण म्हणेल? फक्त सोनाक्कानं विचारलं, "आनि रस्ता जातोय कुठनं? माझ्या भट्टीवरनंच व्हय?"

भट्टीवरूनच जात होता. पण कमिटीनं एक सांगितलं होतं. ज्याचा धंदा चालू आहे आणि रस्त्यात जातो, त्याला नव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जागा मिळेल. ज्याचा बंद आहे त्याला काही नाही. साहेब येऊन डोळ्यांनी बघणार आणि मग ठरवणार. सोनाक्काला हे पुरेसं होतं. कोपरा म्हणजे बोळापासून हाकेच्या अंतरावर. माणसं घरचं धान्य डोक्यावर घेऊन तेवढं येतील. त्याहून लांब कुणी येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मूठभर मजुरीवर चालणारी भट्टी माणसांच्या दाराशीच असावी लागते.

त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी साताऱ्याला गेले. सासरच्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. पण साताऱ्याचा पाऊस! ढग किल्ल्यावरून उतरून थेट माजघरात येतात. लुगडी आठ आठ दिवस दमट, भिंतींना शेवाळ, मिठाला पाणी. मी घरभर भिंतींना हात लावत फिरायचे. सासूबाईंनी एकदा विचारलं, "काय शोधतेस गं?" श्रावण लागला आणि पहिल्या पंचमीला मला न्यायला आबा आले, तेव्हा मी गाडीत बसेपर्यंत धीर धरला आणि मग रडले.

बोळात आले तर भट्टी धडाडून पेटलेली. आणि कढईत धान्यच नाही! धान्यावर नियंत्रण आलेलं, लोकांकडं खायलाच जेमतेम, भाजायला कोण आणणार? पण साहेब कुठल्याही दिवशी येईल म्हणून सोनाक्का पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत नुसती वाळू भाजत बसली होती. भिकूतात्या खोकत टरफलं घालत होता. नारबा येता-जाता हसायचा, "सोनाक्का, वाळूच्या लाह्या झाल्या की मूठभर आमाला बी द्या." या नारबाचा बोळात लोहाराचा भाता होता. कैक वर्षं तो बंदच होता. तो आता हळदीची दलाली करायचा आणि भात्यावर कोंबड्या बसायच्या.

साहेब काही येईना. पंचमीच्या आदल्या दिवशी मात्र बोळानं कुठून कुठून ज्वारी काढली. कुणी ओंजळभर, कुणी मापभर. पंचमीला लाह्या नाहीत असं कसं चालेल? दिवसभर तडतड चालली. माझा दादासाठी उपास होता, भावाचा उपास. त्या वर्षी बोळातल्या सगळ्या लेकींनी तो अगदी कडक धरला होता, पाण्याचा घोटसुद्धा मोजून. सोनाक्कालाही उपास होता. तिला भाऊ नव्हता. "मग तू कुणाचा धरतीस?" मी विचारलं होतं. ती म्हणाली, "बोळात काय कमी भाऊ हायती?"

संध्याकाळी भट्टी विझवली. वर्षातून एकदाच अशी पूर्ण विझायची ती. पंचमीला घरात चूल पेटते, दिंडं उकडतात, पण तवा चढत नाही, कढई चढत नाही, विळी चालत नाही, भुईला कुदळ लागत नाही. आमच्याकडचा तो नेमच आहे. भुईतल्या जिवाला त्या दिवशी चटका नको, घाव नको. भट्टी तर निम्मी भुईतच असते. भिकूतात्यानं राख ओढून काढली. सोनाक्कानं भट्टीला पोतेरं फिरवलं, शेणानं सारवलं, आणि तोंडावर चुन्यानं वेटोळ्याचा नाग काढला. कढई घासून पालथी घातली. सारवलेल्या ओल्या मातीचा आणि आतल्या उरलेल्या धगीचा एक वेगळाच वास यायचा, वर्षातून त्या एकाच संध्याकाळी. तो मला नंतर कुठंच मिळाला नाही.

आणि साहेब आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

आम्ही वारुळाला जायला नटून दारात उभ्या होतो. हातात लाह्या-दुधाची ताटं. साहेब आपलाच मराठी माणूस, तरुण, घामाघूम झालेला, मुंबईकडचा असावा. बोलायला वाईट नव्हता. मला त्याचा राग येत नाही असं नाही, पण दुष्ट म्हणता येणार नाही. बरोबर गावचा एक शिपाई होता.

"ही भट्टी कुणाची?"

"माझी," सोनाक्का पुढं झाली.

"चालू आहे?"

"हाय की. तीनसांजंला इझवली कालच्याला."

साहेबानं पालथ्या कढईवर हात ठेवला, मग वाकून सारवलेल्या भट्टीला लावला.

"गार आहे," तो म्हणाला.

"सायेब, आज पंचमी हाय," शिपाई हळूच बोलला.

"मग?"

पंचमी म्हटल्यावर पुढं काही सांगावं लागतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं. सगळे एकदम बोलू लागले. कालच्या लाह्या दाखवल्या, राखेचा ढीग दाखवला. साहेबानं कपाळ पुसलं.

"बाई, सकाळपासून मी हेच ऐकतोय. प्रत्येक जण म्हणतो, माझं चालू आहे, आजच नेमकं बंद आहे. मी कुणाचं खरं मानू? पेटवून दाखवा. धूर दिसला की माझं काम झालं."

"उद्या या. दिस उगवायच्या आत पेटल्याली आसंल."

"उद्या मला कराडला हजर व्हायचंय."

आबा पुढं आले. "सोनाक्का, आगं दोन टरफलं टाक आनि धूर दाव. देवाला बी कळतंय की. बोळाबाहीर पडलीस तर खाशील काय?"

सोनाक्का हलली नाही. भिकूतात्या तिच्याकडं बघत होता. झारा वाजायची वाट बघत असल्यासारखा. तो वाजला नाही.

मला राहवेना. ताट ओट्यावर ठेवून मी घरात पळाले, काडेपेटी आणली, टरफलांच्या पोत्यातून ओंजळ भरली आणि भट्टीच्या तोंडाशी बसले. सोनाक्कानं माझं मनगट धरलं. तिचा हात भाजल्यासारखा नेहमी गरम असायचा. त्या दिवशी नव्हता.

"काल उपास कुनासाठी धरला हुतास?"

"दादासाठी."

"मग?"

मी मनगट सोडवून घ्यायला बघितलं.

"आपली पोरं कुठं भुईवर निजत्यात, कुठल्या बिळाशेजारी निजत्यात, तुला ठावं हाय?" ती अगदी हळू बोलत होती, साहेबाला ऐकू जाऊ नये असं. "मला न्हाई ठावं. तुज्या आईला न्हाई. आज भुईला चटका द्याचा न्हाई, बाय. भट्टी काय, दुसरी बांधता येती."

मी मागं वळून पाहिलं. दारादारांत बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. एकीनं जरी 'पेटव' म्हटलं असतं! कुणी म्हणालं नाही. जिचा भाऊ लढाईवर होता ती तर माझ्या हातातल्या काडेपेटीकडं अशी बघत होती, जणू मीच नाग आहे. आईनं पदर तोंडाला लावला होता. मी काडेपेटी खाली ठेवली.

एवढ्यात बोळाच्या दुसऱ्या टोकाला धूर दिसला. नारबानं कोंबड्या हाकलून भाता पेटवला होता. गोवऱ्या आणि रॉकेल घालून असा भडका केला होता, की त्या भात्यावर कधी एवढं लोखंड तापलं नसेल. आबा ओरडले, "नारबा, आरं आज पंचमी!" नारबा तिथूनच म्हणाला, "मला भन न्हाई, आबा. माज्यासाठी कुनी उपास धरला न्हाई, मोडायचं काय? मला काय चावतोय नाग?"

साहेब धुराच्या दिशेनं गेला.

बस्स, एवढंच झालं. वर्षानुवर्षं एक दिवस सोडून रोज पेटणारी भट्टी बंद ठरली, आणि मेलेला भाता चालू. नारबाला कोपरा मिळाला. तो त्यानं वर्ष व्हायच्या आत एका घड्याळवाल्याला दिला आणि मिशीला पीळ देत फिरू लागला. शहाणा ठरला तो. अजूनही पेठेत त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, काय डोकं होतं! माझ्या तोंडाला हे ऐकून अजून कडू चव येते.

दिवाळीनंतर बोळ पाडला. भट्टी पहारीनं फुटेना, इतकी भाजून पक्की झालेली. कढईतली वाळू मजुरांनी रस्त्याच्या भरावात टाकली. ती वाळू सोनाक्काच्या सासूच्या आधीपासूनची होती, काळी, तुळतुळीत. नवी घालायची ती फक्त मूठभर, झिजेल तेवढी. दुसरी वाळू तशी तापत नाही म्हणायची ती. तिला निदान वाळू तरी उचलून न्यायची होती, पण ती पाटी घेऊन येईपर्यंत वर खडी पडली होती. हे मला आईनं सांगितलं. मी साताऱ्यात ओल्या भिंतींच्या घरात होते.

मग रस्ता झाला. रुंद, सरळ, दुतर्फा दिवे. काचेच्या कपाटांची दुकानं आली, संगमरवरी टेबलांचं चहाचं हॉटेल आलं. वरच्या मजल्यांवर वकील-डॉक्टर राहायला आले, त्यांना कसल्याच वासाची सवय नव्हती. बैलगाड्या रस्त्यात थांबवायला मनाई झाली. दोर घ्यायला येणारा शेतकरी गाडीतून येणार, गाडी उभी करायला जागा नाही, मग तो कशाला येतो? ज्या तोंडासाठी आबांनी गूळ वाटला, त्या तोंडातून कुणी आत आलं नाही. मालकानं भाडं चढवलं. आबा दुकान गुंडाळून गावाबाहेर गेले, आणि बोळातली इतर घरंही एकेक करून तशीच गेली. कुणी हाकललं नाही. भांडायला समोर कुणी नव्हतंच, हाच तर ताप.

पुढच्या पंचमीच्या आत लढाई मिटत आली होती आणि दादा घरी आला होता. धडधाकट, काळा पडलेला, बोटात सिगारेट. मी माहेरी आले, त्याला डोळे भरून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीची पुरचुंडी घेऊन माधवनगरच्या रस्त्यानं चालत निघाले. सोनाक्का तिकडं राहायला गेली होती. भिकूतात्या तिथल्या गिरणीत बॉयलरला जाळ घालायला लागला होता. तिनं खोपटापुढं एक छोटी चूल घातली होती, त्यावर छोटी कढई. अंगणात कुणी नव्हतं. लेकींची रांग नव्हती. मी एकटीच.

मला बघितल्यावर तिनं आधी हे विचारलं, "दादा आला?"

"आला."

"हातीपायी नीट?"

"नीट."

"मग झालं," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला बसली.

झालं? मला इतका राग आला, की मी तिच्या अंगणात उभी राहून ओरडले. काय झालं? तुझी भट्टी गेली, तात्या बॉयलरवर खोकतोय, नारबानं कोपरा लाटलाय, आणि झालं कसं म्हणतेस? ती ऐकून घेत होती आणि वाळू हलवत होती. नवी वाळू, पिवळी. लाह्या निम्म्याच फुटल्या. बाकीचं गणंग राहिलं. तिनं ते निवडून बाजूला काढलं, माझं फडकं भरलं, आपल्या टोपलीतली मूठ वर घातली, आणि गाठ मारता मारता म्हणाली, "ह्यातलं त्येला काय सांगू नगंस. मानूस घरला आलाय. त्येच्या डोस्क्यावर माझी भट्टी कशाला ठिवायची?"

मी सांगितलं नाही. दादानं लॉरी घेतली. ती नव्या रस्त्यावर उभी राहायची. "रस्ता नसता तर मी हिला लावली असती कुठं?" तो म्हणायचा. खोटं नव्हतं ते. लॉरीच्या दोन झाल्या, आणि पुढं, जुनी दुकानं पाडून ही बिल्डिंग झाली तेव्हा त्यानं हौसेनं इथंच घर घेतलं. आपल्या जुन्या बोळात परत आलो, असं तो सगळ्यांना सांगतो. सोनाक्का कधी गेली ते मला उशिरा कळलं. तिच्या दहाव्यालाही मी नव्हते.

तर परवा. मी खालून वर आले. जेवणं झाली, दिंडं छान झाली होती, सुनेला मी तसं सांगितलं. दादा नागोबापुढच्या वाटीतल्या लाह्या उगाच तोंडात टाकत बसला होता.

"खरंच सादळल्यात," तो म्हणाला. "सोनाक्काच्या लाह्या आठवतात का गं तुला? लांबून वाजायच्या. पण बाई हट्टी. आबा सांगायचे ना, साहेब पेटव म्हणत होता आणि हिनं पेटवली नाही. अडाणीपणा सगळा. नाहीतर आज खालच्या कोपऱ्यावर तिच्या नातवाचं दुकान असतं."

मी पुष्कळ वर्षं ओठ मिटून काढली आहेत. पण त्या 'अडाणीपणा'नं माझं डोकं फिरलं. मी सगळं सांगितलं. काडेपेटीचं, मनगटाचं, बिळाशेजारी निजणाऱ्या पोरांचं. माधवनगरच्या अंगणात तिनं सगळ्यात आधी काय विचारलं, तेही सांगितलं. सून ताटं उचलायची थांबली. दादाच्या हातात दोन लाह्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

मग तो उठला. काठी घेतली. "कुठली भिंत म्हणालीस?"

आम्ही दोघं सावकाश जिना उतरलो. वॉचमननं पुन्हा खुर्ची आणली, दादानं ती घेतली नाही. मोटारसायकलींच्या मधून वाट काढत तो त्या पिवळ्या फरशांपर्यंत गेला आणि त्यानं आपला म्हातारा पंजा भिंतीवर ठेवला. ठेवून तसाच उभा राहिला.

"गार आहे गं," तो म्हणाला.

"असणारच," मी म्हटलं. "आज पंचमी आहे."